पॉइंट क्लाउडवरून उंचीचं रास्टर आणि ऑर्थोफोटो: आधीची तयारी

पॉइंट क्लाउडवरून (हवेतून मोजलेल्या त्रिमितीय बिंदूंच्या संचावरून) रास्टर, म्हणजे चौकोनी सेलची जाळी, काढायची आज्ञा दोन ओळींची असते. वेळ द्यायचा तो त्याआधीच्या तपासणीला, कारण रास्टर तयार झालं की चुकीची उंचीही सुबक दिसते.

सुरुवात लास फाइलच्या (बिंदू साठवायच्या फाइलच्या) हेडरपासून करा. कोऑर्डिनेट सिस्टिम लिहिलेली आहे का ते पाहा. पुणे, नाशिक, कोल्हापूर यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतात, ईपीएसजी कोड ३२६४३. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा-नागपूर-चंद्रपूरकडे, ३२६४४. क्लाउड अक्षांश-रेखांशात असेल तर आधी मीटरमध्ये आणा, नाहीतर ०.५ चा सेल मागितल्यावर अर्ध्या अंशाचा मिळेल.

मग उंचीचा पाया. जीपीएसची उंची लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली असते आणि आपल्याकडे जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रपातळीशी जुळणारा पृष्ठभाग, त्याच्या खाली आहे, पश्चिम महाराष्ट्रात साठ मीटरहून अधिक. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरचा क्लाउड उणे साठच्या आसपास दिसला तर तो बिघडलेला नाही, फक्त जिऑइडची दुरुस्ती बाकी आहे. ती एकदाच करा. सॉफ्टवेअरने केलेली असताना पुन्हा केली, तर गाव आणखी साठ मीटर वर जातं. जवळच्या बेंचमार्कशी (उंची माहीत असलेल्या खुणेशी) ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता जमीन वेगळी करणं. सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी. जमिनीखाली गेलेले चुकार बिंदू आधी शोधून वर्ग ७ मध्ये (लासमधला चुकीच्या बिंदूंचा वर्ग) टाका आणि पुढच्या पायरीला ते वगळायला स्पष्ट सांगा. पीडाल या क्लाउड हाताळायच्या सॉफ्टवेअरचा एसएमआरएफ हा जमीन ओळखणारा फिल्टर प्रत्येक सेलमधल्या सर्वांत खालच्या बिंदूपासून सुरुवात करतो, म्हणून असा एक बिंदूही आजूबाजूची खरी जमीन बाद करू शकतो. त्यात विंडो, म्हणजे जमिनीवरची वस्तू ओळखायची खिडकी, मुळात १८ मीटर असते. साखर कारखान्याचं साठ मीटर रुंद गोदाम तिच्यात मावत नाही आणि डीटीएममध्ये (फक्त जमिनीच्या उंचीच्या रास्टरमध्ये) टेकडी होऊन उरतं; तिथे विंडो वाढवा. उताराची मूळ किंमत ०.१५ सपाट शेतीला ठीक आहे, पण सह्याद्रीत ती कड्याच्या कडा आणि भातखाचरांचे बांध कापून टाकते. तिथे ०.३ पासून वर करून पाहा आणि प्रत्येक वेळी आडवा छेद घेऊन डोळ्यांनी तपासा. फोटोंवरून बनवलेल्या क्लाउडला दाट झाडीखालची जमीन दिसतच नाही. सागवानाच्या रानात पानगळीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये उड्डाण करा, किंवा लायडार (लेझरने मोजणी) वापरा.

सेलचा आकार एकूण बिंदूंवरून ठरवू नका, फक्त जमिनीच्या म्हणजे वर्ग २ च्या बिंदूंवरून ठरवा. चौरस मीटरला ४ बिंदू म्हणजे त्यांच्यातलं अंतर अर्धा मीटर. त्याहून बारीक सेल मागितला तर मधले आकडे नुसते अंदाज असतात. प्रत्येक सेलमध्ये किती बिंदू आले याचं रास्टरही काढा, भोकं लगेच कळतात. इमारतीखालचं भोक भरायला हरकत नाही. तलावाचं भरू नका: पाण्यावर फोटोंचे बिंदू वेडेवाकडे येतात, म्हणून काठ आखून पाण्याची एकच पातळी द्या. तुकडे पाडून काम करत असाल तर प्रत्येकाला २० ते ५० मीटरची जादा किनार ठेवून शेवटी ती कापा, नाहीतर जोडांवर पायऱ्या उमटतात.

ऑर्थोफोटोसाठी, म्हणजे नकाशासारख्या मापात बसवलेल्या हवाई चित्रासाठी, कुठला पृष्ठभाग वापरायचा ते आधी ठरवा. डीटीएमवर केला तर उंच इमारती बाहेर झुकतात; डीएसएमवर (इमारती-झाडांसह उंचीवर) केला तर छपरं जागेवर बसतात, पण कडा दातेरी होतात. शेतशिवाराला पहिला चालतो, गावठाणाला दुसरा हवा. फोटो नसतील आणि थेट बिंदूंच्या रंगावरून चित्र काढायचं असेल, तर लासमधला रंग १६ बिटचा असतो हे ध्यानात ठेवा: ८ बिटसाठी २५६ ने भागा. काही सॉफ्टवेअर त्याच जागेत ० ते २५५ च लिहितात. तिथे भागल्यावर चित्र काळं पडतं.

डिस्कवर जागा मोकळी करा. ५ सेंटिमीटरचा एक चौरस किलोमीटर म्हणजे ४० कोटी सेल, फ्लोट ३२ मध्ये १.६ जीबी, तेही एकाच थराचे. उंचीला डिफ्लेट हे कॉम्प्रेशन आणि त्याची प्रेडिक्टर ३ ही सेटिंग लावा. जेपीईजी फक्त ऑर्थोफोटोला. रिकाम्या सेलला उंचीत -९९९९, ऑर्थोफोटोत अल्फा बँड (पारदर्शकतेचा थर). शून्य ठेवलं तर गडद सावल्याही पारदर्शक होतात. डीएसएम आणि डीटीएमचे सेल एकाच जाळीवर बसवा, म्हणजे वजाबाकीत झाडांची उंची सरकणार नाही. आणि जमिनीवर मोजलेले काही बिंदू क्लाउड बसवताना न वापरता बाजूला ठेवा; अंतिम रास्टरची चूक त्यांच्यावरच मोजायची आहे.