झेडपीच्या शाळेचा हिशोब मागताना या चुका टाळा

छत गळायला लागलं की गावचा पहिला राग हेडमास्तरांवर निघतो. "अनुदान येतं ना दरवर्षी, मग गेलं कुठं?" हिशोब मागताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. छताचा पैसा वेगळा आणि हेडमास्तरांच्या हाती येणारा पैसा वेगळा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, लाइट बिल, नळाची तोटी. तांड्यावरच्या वीस मुलांच्या शाळेचं छत यातून कसं होणार?

मोठ्या दुरुस्तीचा पैसा जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समितीकडून येतो. मराठवाड्यात अजून वर्ग भरणाऱ्या निजामकालीन खोल्यांचंही तेच. तिथं विचारायचं ते एवढंच: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला का, इंजिनिअरनं अंदाजपत्रक केलं का, आणि पंचायत समितीकडे प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकानं गेला? जावक क्रमांक सांगता येत नसेल, तर प्रस्ताव बहुधा शाळेच्या कपाटातच आहे.

आता शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि अनुदान कसं खर्च होतंय यावर नजर ठेवणं हे तिचं कामच आहे. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघर फिरतं. "ताई, प्रोसिडिंग नंतर लिहितो, खाली सही करून ठेवा." करू नका. ठरावाची शेवटची ओळ आणि पहिली सही यांत चार बोटं कोरी जागा दिसली तर तिथं तिरपी रेघ मारायला लावा, मगच सही. बाईंच्या जागी त्यांचे मालक बैठकीला येऊन बसत असतील तर तेही थांबवा.

पण लगेच चोर ठरवायचीही घाई नको. अनुदान पुष्कळदा वर्ष संपत आल्यावर पडतं, तोवर गुरुजी खिशातून भागवतात. तोटी जुलैत बसली आणि बिल मार्चचं निघालं, तर त्या उसनवारीचा ठराव आहे का ते आधी बघा. नसेल तर मात्र प्रश्न विचाराच.

बीडकडं आणखी एक घोळ होतो. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती ३० सप्टेंबरच्या पटावर भरली जाते, आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पटावर मूल आहे, बाकावर नाही. पालकांनी जाताना नाव काढून नेऊ नये. हंगामी वसतिगृहाची मागणी समितीकडून आधीच लेखी गेलेली असावी, कोयता उचलल्यावर नव्हे. वसतिगृह सुरू झालं की संध्याकाळी जेवणाच्या वेळेला एकदा जाऊन डोकी मोजा आणि ती हजेरीशी ताडून बघा.

माहितीचा अधिकार हा शेवटचा उपाय, आणि तिथंही अर्ज फसतात. "शाळेची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलं की उत्तर गोलमाल येतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत मांडायचा असतो. सोबत १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. नेमकं मागा: अमुक वर्षाची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खर्चाची बिलं, साठा नोंदवही आणि अनुदान कशावर खर्च झालं ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र. प्रमाणपत्रात पाण्याची टाकी लिहिली असेल तर ती नोंदवहीत चढलेली हवी आणि शाळेत दिसायलाही हवी. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला म्हणून परत करता येत नाही, तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावरच आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.