मिसळणाचा डबा आणि 36 फोटो

घरातल्या रोजच्या वस्तू नीट बघायच्या असतील तर कॅमेऱ्यात कलर फिल्म भरा. एका रोलमध्ये फोटो 36, त्यात रोल महाग आणि धुलाई वेगळी. बटण दाबताना हात आपोआप थबकतो, आणि थबकला की कळतं, मिसळणाच्या डब्यात हळदीला तिखट खेटलं आहे आणि मोहरी मात्र जिरं सांडल्यामुळे करडी दिसते आहे.

सुरुवातीला कोडॅक गोल्ड 200 बरा. त्याचे रंग उबदार असतात, पितळ आणि हळद खुलतात. घरात उजेड कमी असेल तर 400 चा रोल घ्या; आकडा मोठा तितकी फिल्म कमी उजेडात चालते.

रोल भरल्यावर रिवाइंडचा, म्हणजे फिल्म परत गुंडाळायचा नॉब हलकेच फिरवून ढिली फिल्म ताणून घ्या. मग फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना तो नॉबही फिरतोय का, हे डोळ्यांनी बघा. मी नाही बघितलं. काउंटर इमानेइतबारे 36 पर्यंत गेला आणि फिल्म जागची हललीच नव्हती. आख्खी दिवाळी कोरी!

आता उजेड. नेहमीची कलर फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे साधारण 5500 केल्विनसाठी (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) बनवलेली असते. पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी येतं, ट्यूबलाइटखाली हिरवट. म्हणून दिवे सरळ बंद करा. वस्तू उचलून खिडकीत मांडू नका. ती जिथं असते तिथं ऊन कधी येतं ते दोन-तीन दिवस बघा. आमच्या ओट्यावर सकाळी आठच्या सुमाराला उन्हाची पट्टी येते. तेवढ्यात स्टीलची वाटी शेजारच्या बरणीच्या लाल झाकणाचा रंग पोटात घेते, आणि झाकण हलवलं की पुन्हा नुसती वाटी.

स्टील मीटरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला, फसवतं. चकाकी बघून मीटर उजेड कमी करतो. त्याऐवजी त्याच उन्हात तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. शंका आली तरी जास्तच द्या: निगेटिव्हला जादा उजेड सोसतो, कमी पडला की सावल्यांचा चिखल होतो.

50 एमएमची जुनी लेन्स साधारण 45 सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. तेवढ्यावरून मिसळणाचा डबा फ्रेमभर येतो, वाटी लहानच राहते. राहू दे, भोवतीचा ओटाही फोटोच आहे.

उभ्याने काढू नका, कॅमेरा खाली न्या. विल्यम एगलस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने लहान मुलाची तीनचाकी जमिनीलगतून टिपली, म्हणून ती मागच्या घरांपेक्षा मोठी दिसते. 1976 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचे रंगीत फोटो लागले, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती.

रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हवीत म्हणून सांगा. आणि स्कॅन करताना रंग आपोआप ‘सुधारू’ नका, हेही बजावा. नाहीतर उन्हाची पट्टी पांढरीफटक होऊन येते.