इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात (एफई) पहिल्या सेमिस्टरला वेळ कुठे जातो

पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, मेकॅनिक्समध्ये मला 20पैकी 6 मिळाले. बारावीला फिजिक्स हा माझा हातचा विषय, सीईटीलाही त्यानेच तारलं होतं. तो पेपर हातात धरून मी नेरुळ स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या. घरी काय सांगायचं तेच सुचत नव्हतं. यंदा एफईला आलेल्यांसाठी हे लिहितेय, कारण तो पेपर फार अवघड नव्हता. माझा हिशेब चुकला होता तो दिवसांचा.

बारावीचा अभ्यास आपण दोन वर्षं घोळवतो. क्लासमध्ये एकदा शिकवून होतं, मग रिव्हिजन, मग टेस्ट सिरीज. इथे कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपून वर्ग भरेपर्यंतच उशीर झालेला असतो. शेवटच्या फेरीतून येणारी मुलं तर आणखी मागून सुरुवात करतात. त्यातून सणांच्या सुट्ट्या, इंटर्नलचे दिवस आणि सबमिशनचा आठवडा वजा करा. हातात जेमतेम तीन महिने उरतात. आमच्या वेळी त्यात मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स आणि बेसिक इलेक्ट्रिकल, शिवाय वर्कशॉप. ‘अजून वेळ आहे’ असं म्हणत मी पहिले पाच आठवडे घालवले, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त सेमिस्टर. आणि कोणी हटकलंही नाही. क्लासमध्ये गैरहजर राहिलं की आईला फोन जायचा. इथे हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते तेव्हाच कळतं, आणि तोवर 75 टक्के हजेरी भरून काढणं कठीण झालेलं असतं.

तो पेपर घेऊन मी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक्सच्या मॅडमकडे गेले. गुळगुळीत भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित होतं. मी सरळ समीकरणं मांडली होती. मॅडमनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “नुसती शिडी काढ. भिंत नको, जमीन नको. आता सांग, भिंत काढून घेतली तर शिडीला कोण धरणार? तिथे बाण काढ.” भिंत गुळगुळीत, म्हणजे घर्षण नाही, म्हणजे बाण भिंतीला काटकोनातच. जमिनीकडून दोन बाण, एक वर आणि एक आडवा. मधोमध वजन. चार बाण काढून झाले आणि समीकरणं आपोआप दिसायला लागली. फ्री बॉडी डायग्राम म्हणजे एवढंच, पण ती वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवली तेव्हाच मी विचारायला हवं होतं. साठ जणांत हात वर करायची लाज वाटली. तुम्ही वर्गात विचारू शकत नसाल तर लेक्चर संपल्यावर दारात गाठा, स्टाफरूममध्ये जा. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांना अशा प्रश्नांची सवय असते, ते रागावत नाहीत.

मी कळव्याची, दहावीपर्यंत मराठी शाळेत. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर माहीत असूनही इंग्रजी शब्द ओठांवर अडायचा. प्रॅक्टिकलचा एम (उद्देश) आणि प्रोसिजर (कृती) आदल्या रात्री मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा तो अडथळा दिवाळीनंतर बराच कमी झाला.

प्रवासाचंही सांगते. कळव्याहून सकाळी धीम्या गाडीत शिरायचं, ठाण्याला उतरून पूल चढायचा आणि नेरुळकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल पकडायची. ती गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून निदान बसायला मिळतं. गाडीत गणितं सोडवायचा प्रयत्न मी करून पाहिला, जमत नाही. जमलं ते दुसरंच. परतताना वही न उघडता, आज कोणत्या तासाला काय शिकवलं ते एका कागदावर आठवून लिहायचं. तुर्भे ते ऐरोली तेवढ्यात होतं. जे आठवत नाही त्याभोवती गोल. सकाळी तो गोलच विचारायचा. दुसऱ्या इंटर्नलला मेकॅनिक्समध्ये 15 आले ते या कागदांमुळे.

जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, त्याच दिवशी लिहा. केमिस्ट्रीला पाण्याचा कठीणपणा मोजताना ईडीटीए नावाच्या रसायनाचं द्रावण थेंबथेंब सोडतो आणि लालसर रंग एका थेंबात निळा होतो. तो बदल डोळ्यांसमोर असताना निरीक्षण लिहायला दहा मिनिटं लागतात. सबमिशनच्या आठवड्यात तेच दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवायला रात्र जाते आणि व्हायवाला काही आठवत नाही.

वर्कशॉपला फिटिंगचा जॉब, म्हणजे धातूची पट्टी घासून नीट करायचं काम, करताना माझे तळहात सोलले. कानस पुढे ढकलतानाच दाब द्यायचा, मागे आणताना नाही, हे वर्कशॉपच्या सरांनी हातावर हात ठेवून शिकवलं. मग पट्टीच्या कडेला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. चौथ्या वेळी उजेड दिसला नाही, तो आनंद मला कुठल्याच पेपरात मिळाला नाही. या तासांना दांडी मारू नका.

गुणांची विभागणी मात्र सीनियरच्या सांगण्यावर धरू नका. आमच्या वेळी 80चा पेपर आणि 20ची इंटर्नल होती, पेपरात पास व्हायला 32 लागायचे. मुंबई विद्यापीठात त्यानंतर नवीन शैक्षणिक धोरणानुसार आराखडा बदलला, आणि स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगळे असतात. आपल्या कॉलेजचा सिलॅबस पहिल्याच आठवड्यात छापून घ्या आणि प्रत्येक मोड्यूलसमोर तारीख टाका.

आणि केटी लागलीच, म्हणजे एखादा विषय राहिलाच, तर घरी त्याच संध्याकाळी सांगा. माझ्या मैत्रिणीला मॅथ्सची लागली. तिने दोन महिने लपवली, एकटीच रडत राहिली. शेवटी वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “परीक्षा कधी आहे?” पुढच्या खेपेला ती सुटली.