पहिल्या सत्राचा प्रकल्प: चादरीच्या दुकानाचं मराठी संकेतस्थळ

बीसीए किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षी वेब डिझाइन असलं की सत्राअखेरीस तीन-चार पानांचं संकेतस्थळ करून दाखवावं लागतं. बरेच विद्यार्थी तयार टेम्प्लेट उतरवून घेतात, त्यात नाव बदलतात आणि तोंडी परीक्षेत ‘हा डिव्ह कशासाठी?’ या पहिल्याच प्रश्नाला अडकतात. सोलापुरात विषय शोधायला लांब जायला नको. चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान, पूर्व भागातला चादरीचा कारखाना, गड्ड्याच्या यात्रेची माहिती, काहीही घ्या; फक्त पानं मराठीत करा आणि प्रत्येक ओळ स्वतः लिहा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये झाकून राहणाऱ्या अडचणी मराठी मजकूर घेतला की लगेच समोर येतात, आणि विषय खरा तिथेच कळतो. इथे उदाहरण चादरीच्या दुकानाचं घेतलं आहे. टॅगची, म्हणजे पानाचा कोणता भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांची, नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत; डिव्ह हा पानाचा एक भाग एकत्र बांधणारा टॅग.

संगणक सुरू करण्याआधी दुकानात जा. येणाऱ्या गिऱ्हाईकाला चार गोष्टी हव्या असतात: माल कोणता, केवढ्याला, दुकान कधी उघडं आणि नेमकं कुठे. प्रत्येक प्रकाराचं माप लिहून घ्या. सिंगल चादर साधारण ६० × ९० इंच असते, पण टेप लावून मोजलेलीच लिहा. घाऊक दरासाठी किमान किती नग लागतात, साप्ताहिक सुट्टी कधी, जवळची खूण कोणती, हे विचारा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा उल्लेख करायचा असेल तर माल इथल्याच मागावरचा आहे ना, याची मालकाकडून खात्री करून घ्या. एवढ्या मजकुराची तीन पानं होतात: मुखपृष्ठ, माल व दर, पत्ता. ‘आमच्याविषयी’ हे पान सांगण्यासारखं काही असेल तरच ठेवा.

इथे पहिला अडथळा येतो. दुकानदार म्हणतो, ‘मजकूर प्रेसवाल्याकडे तयार आहे.’ ती पत्रकाची फाइल बहुधा श्रीलिपीच्या किंवा तशाच जुन्या फॉन्टमधली असते. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा आणि मग प्रत्येक ओळ वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत चुका राहतात. मजकूर एका पानाएवढाच असेल तर सरळ नव्याने टाइप करणं लवकर होतं.

अक्षरं बिघडण्याचे आणखी दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. हेडमध्ये (पानावर न दिसणाऱ्या सुरुवातीच्या भागात) अगदी वर मेटा कॅरसेट यूटीएफ-८ लिहा; अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला त्यावरून कळतं. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावी लागते. पण मजकुराच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं आली असतील तर फाइल नोटपॅडमध्ये एएनएसआय या मराठी अक्षरं न सामावणाऱ्या जुन्या प्रकारात जतन झाली आहे. त्यातली अक्षरं कायमची गेली, पुन्हा टाइप करावं लागेल.

आता फोल्डर. एकच मुख्य फोल्डर, त्यात मुखपृष्ठाची ‘इंडेक्स’ नावाची एचटीएमएल (मजकूर आणि रचना सांगणारी) फाइल, बाकी दोन पानं, एक सीएसएस (रंग, अक्षर आणि मांडणी ठरवणारी) फाइल आणि चित्रांसाठी वेगळं उपफोल्डर. सगळी नावं लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. दोन शब्द जोडायला हायफन. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि ते करतात. म्हणून लॅबमध्ये दिसणारा फोटो संकेतस्थळ चढवल्यावर गायब होतो. दुव्यात ‘सी ड्राइव्ह’पासूनचा पत्ता आला असेल तरीही तेच होतं. विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सोय चालू करा. नाहीतर नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटलेलं लक्षात येत नाही आणि पान उघडण्याऐवजी कोड दिसतो.

एचटीएमएल लिहिताना रंगांचा विचार पूर्ण बाजूला ठेवा. सर्वांत वर डॉकटाइप, मग एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’, हेडमध्ये कॅरसेट, टायटल आणि व्ह्यूपोर्ट (पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी ओळ). व्ह्यूपोर्टची ओळ विसरली तर फोन पान ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो, आणि मग विद्यार्थी फॉन्ट वाढवत बसतात. बॉडीमध्ये हेडर, नॅव्ह, मेन, फूटर. पानात एच-वन एकच, त्याखाली एच-टू; अक्षर मोठं दिसतं म्हणून हेडिंग निवडू नका, तो आकार नंतर सीएसएसमध्ये देता येतो. दरपत्रकासाठी खरा टेबल टॅग वापरा, वरच्या घरांना टीएच द्या. फोन क्रमांकाला ‘टेल’चा दुवा द्या. दिसणारा क्रमांक देवनागरी अंकांत चालेल, पण दुव्याच्या आतला रोमन अंकांतच, अधिक ९१ सह. पूर्व भागातल्या दुकानाच्या पाटीवर तेलुगू नाव असेल तर ते जरूर घ्या. त्या शब्दांना वेगळा स्पॅन (ओळीतले काही शब्द वेगळे करणारा टॅग) आणि भाषा ‘टीई’ द्या, शिवाय तेलुगू फॉन्टही लावा, कारण देवनागरी फॉन्टमध्ये ती अक्षरं नसतात.

या टप्प्यावर पान ब्राउझरमध्ये उघडा. पांढऱ्यावर काळं, साधं दिसेल. ते वरून खाली वाचून सगळं कळत असेल तरच सीएसएसकडे वळा.

सीएसएसमध्ये आधी अक्षर. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट चांगले आहेत. मागे पर्याय म्हणून विंडोजमधला निर्मला यूआय आणि शेवटी सान्स-सेरिफ लिहा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल जड असतात, म्हणून ४०० आणि ७०० एवढ्या दोनच जाडी घ्या. ७०० घेतलीच नाही तर ब्राउझर अक्षरं स्वतःच फुगवतो आणि ‘छ’, ‘ध’, ‘ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. फॉन्ट ठरवण्याआधी ‘वाऱ्यावर’, ‘कार्यालय’, ‘ज्ञान’, ‘ॲप’, ‘चिठ्ठी’ हे शब्द लिहून पाहा. एखाद्या ठिकाणी चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर आधी टायपिंग तपासा, ते बरोबर असेल तर फॉन्ट बदला.

मजकुराचा आकार १७ किंवा १८ पिक्सेल ठेवा आणि लाइन-हाइट १.७. इंग्रजीसाठीची १.४ इथे पुरत नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. लेटर-स्पेसिंगला देवनागरीत हातच लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्प्लेटमधल्या शीर्षकांना हे हमखास लावलेलं असतं. दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफायही टाळा. फोनच्या अरुंद पट्टीत लांब मराठी शब्दांमध्ये भगदाडं पडतात. परिच्छेदाची कमाल रुंदी ४० रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचा आकार) बरी वाटते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. फिकट करड्या रंगातलं अक्षर लॅबच्या पडद्यावर देखणं दिसतं, पण भर उन्हात रस्त्यावर फोन पाहणाऱ्याला ते वाचता येत नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

मांडणीचा सगळा घोळ बॉक्स मॉडेलपाशी, म्हणजे घटकाचा डबा मोजण्याच्या पद्धतीपाशी, सुरू होतो. रुंदी ३००, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग, १ पिक्सेलची बॉर्डर: डबा प्रत्यक्षात ३४२ पिक्सेल होतो आणि शेजारचा खाली ढकलला जातो. सुरुवातीलाच सगळ्या घटकांना बॉक्स-साइझिंग बॉर्डर-बॉक्स लावा, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरली जाते. आधी ३६० पिक्सेल रुंदीचा फोन डोळ्यांसमोर ठेवून एकाच स्तंभात पान करा. ७०० पिक्सेलच्या पुढे मीडिया क्वेरीने (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमाने) मालाची चित्रं ग्रिडमध्ये दोन-तीन स्तंभांत घ्या. पान आडवं सरकत असेल तर जवळजवळ नेहमी ठरावीक पिक्सेल रुंदीचं चित्र किंवा दरपत्रक कारण असतं. चित्रांना कमाल रुंदी १०० टक्के द्या. दरपत्रकाभोवती एक डिव्ह घालून त्यालाच आडवं सरकू द्या.

चादरीचे फोटो वेळखाऊ आहेत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली लाल रंग वेगळाच येतो आणि गिऱ्हाईक रंगावरूनच भांडतं. चादर सकाळी सावलीत, सपाट पसरून टिपा. थेट ऊन नको, फ्लॅशही नको. जेकार्डची (मागावरच नक्षी विणलेल्या कापडाची) बारीक वीण फोटो लहान केल्यावर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे दाखवू शकते. तसं झालं तर दुसऱ्या रुंदीत लहान करून पाहा किंवा थोडं दुरून पुन्हा टिपा. फोनवरचा मूळ फोटो काही एमबीचा असतो. १२०० पिक्सेल रुंद, दर्जा ७५ ते ८०, वेबपी प्रकारात जतन करा. दाट नक्षीमुळे चादरीचा फोटो साध्या फोटोपेक्षा जड राहतोच, तेव्हा २०० केबीच्या आसपास आला की थांबा. प्रत्येक चित्राला विड्थ आणि हाइट लिहा, नाहीतर फोटो उतरताना मजकूर उड्या मारतो. ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, ‘फोटो १’ नको. ‘मोराच्या नक्षीची लाल-पांढरी सिंगल चादर’ असं लिहा.

चढवण्याआधी डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमधून तिन्ही पानं काढा. चुकांची यादी वरून सोडवा; वरचा एक न मिटलेला टॅग खालच्या दहा चुका दाखवतो. सीएसएस लागू होत नसेल तर एफ १२ दाबून तो घटक तपासा: नियम खोडलेला दिसला तर दुसरा नियम वरचढ ठरतो आहे, नियम दिसतच नसेल तर सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू ते सांगणारा भाग), आधीच्या नियमातला सुटलेला कंस किंवा फाइलचा दुवा चुकला आहे. गिटहब पेजेस या सेवेवर सार्वजनिक रेपॉझिटरीतून (सगळ्यांना दिसणाऱ्या, तिथे ठेवलेल्या फोल्डरमधून) पान मोफत चढतं. बदल दिसायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात कोड पुन्हा बदलू नका. आधी कंट्रोल-एफ ५ ने पान ताजं करा. शेवटी वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, दुकानदाराच्याच फोनमध्ये तिन्ही पानं उघडा आणि फोनच्या दुव्यावर त्यांना स्वतः बोट ठेवायला सांगा.