करवंद, फालसा, तुती अंगणात लावताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मला तेच फोन येतात. "मावशी, रोप पिवळं पडलंय, काय टाकू?" काही टाकू नका. आधी सांगा, लावलंय काय आणि कुठल्या मातीत?

सगळ्यात महाग पडते ती फोटो बघून झाड निवडायची घाई. सोलापूरच्या माझ्या भाच्याने ऑनलाइन ४ ब्लूबेरी आणि २ ब्लॅककरंट मागवले नि परसातल्या काळ्या मातीत लावले. दोन महिन्यांत ब्लूबेरीची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पोराने युरिया टाकला, मग शेणखत, मग पाणी वाढवलं. मी गेले, चमचाभर सुकी माती बशीत घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला. चुनखडीची जमीन! ब्लूबेरीला सामू (pH; आकडा जितका कमी, माती तितकी आंबट) ४.५ ते ५.५ लागतो. अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. खत कमी पडलेलंच नव्हतं. कुंडीत आंबट माती भरून दिली तरी बोअरचं जड पाणी तिचा सामू पुन्हा चढवतं. ब्लॅककरंटला तर हिवाळ्यात ७ अंशांखालचे शेकडो तास हवेत. सोलापुरात ते कुठून आणणार? (किराणा दुकानातले करंट म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेली बारीक द्राक्षं. या झुडपाशी त्यांचं नातं नाही.) व्हिनेगर दहा रुपयांचं लागतं. रोपं मागवण्याआधी एवढं करा.

करवंद मुरमाड जमिनीतही येतं. फक्त पायवाटेला लावू नका, काटे मोठे असतात. बी घालायचं तर ताजंच घाला, वाळवून ठेवलेलं उगवत नाही.

दुसरी चूक कात्रीची भीती. फालशाची फळं नव्या फुटीवर धरतात, आणि लोक तेच झाड जपून जपून वाढवतात. आमच्या शेजारच्या काकूंचा फालसा बारा फूट गेला होता. वर शेंड्याला थोडी फळं, तीही बुलबुल खायचे. एका जानेवारीत, पानं गळल्यावर, मी तो कमरेच्या वर, साधारण ३ फुटांवर छाटला. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्चमध्ये प्रत्येक खुंटातून चार-पाच धुमारे फुटले. मेमध्ये त्या उभ्या उभ्या हाताने तोडत होत्या, जांभळी बोटं मला दाखवायला आल्या. फळं एकदम पिकत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, म्हणून रोज सकाळी फेरी मारायची.

तुतीलाही छाटणी हवीच. रोप विकत घेऊ नका. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, ३-४ डोळ्यांची काडी खोचली की पुरे. फरशीजवळ किंवा गाडीवर सावली पडेल अशी मात्र लावू नका, डाग जात नाहीत.

स्ट्रॉबेरीचा गाभा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो बुंधा, मातीखाली गाडू नका, कुजतो. रसभरी (कागदी टरफलातली, केप गुजबेरी) हिरवी तोडू नका. टरफल वाळून फळ आपसूक खाली पडतं, तेव्हाच उचलायचं.

पिशवीतली मुळं गोल गोल वळलेली असतील तर लावण्याआधी ती हाताने सोडवा. नर्सरीवाला म्हणेल, "ताई, तसंच लावा." नाही लावायचं. मी खड्डा मेमध्ये खणते, महिनाभर ऊन खाऊ देते, आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावरच रोप लावते. पहिल्या वर्षीची फुलं मी खुडते. ज्यांना त्याच वर्षी फळ हवं असतं, त्यांना मी बाजाराचा रस्ता दाखवते.