दहा म्हटलं की ब्रश बाहेर

ब्रश दिसला की ओठ गच्च मिटणाऱ्या मुलाला ‘हट्टी’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना खरोखरच काहीतरी सहन होत नसतं: ब्रशच्या केसांचा स्पर्श, पेस्टची चव, फेस, नाहीतर इलेक्ट्रिक ब्रशची घरघर. त्यामुळे आधी नेमकं काय खुपतंय ते शोधा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आमच्या लेकाचं ब्रशशी भांडण नव्हतंच. पुदिन्याची पेस्ट त्याला झोंबायची. बिनचवीची, कमी फेसाची फ्लोराइड पेस्ट आणली आणि निम्मी लढाई संपली. पेस्ट ३ वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी घ्यावी. थुंकता येत नसेल तर किती घ्यायची हे दंतवैद्यांनाच विचारा.

सुरुवात तोंडापासून लांब करा. ब्रश आधी हातावर, मग गालावर, ओठांवर, मग पुढच्या दातांवर. दाढा सगळ्यात शेवटी. यात कित्येक आठवडे गेले तरी चालतील. हातपाय धरून ब्रश करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्या रात्री दात घासले जातात, पण पुढे ब्रश दिसला तरी मूल पळतं.

आमची पद्धत सांगतो. मी त्याच्या मागे उभा राहतो, त्याचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं, दोघांची तोंडं आरशाकडे. ब्रश कुठून येतोय हे त्याला दिसतं. डाव्या बोटाने गाल जरा बाजूला करायचा आणि एकाच सुरात दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की ब्रश बाहेर, एखादी दाढ राहिली तरी बाहेर. ‘अजून थोडंसंच रे’ म्हणालात की उद्या तुमच्या दहावर त्याचा विश्वास राहत नाही. दोन मिनिटांचा पल्ला असे दहा-दहाचे तुकडे वाढवतच गाठायचा.

त्यात आमच्याकडे लिफ्टचं वेड! म्हणून खालचे दात तळमजला, वरचे पहिला मजला. मजला बदलताना तो स्वतःच ‘दार उघडत आहे’ म्हणतो आणि असा काही आ वासतो की ब्रश थेट शेवटच्या दाढेपर्यंत जातो. तुमच्या मुलाला जे वेड असेल ते वापरा.

आरशाशेजारी दात घासण्याच्या एकेका पायरीची चित्रं लावा. कार्टूनपेक्षा त्याच्याच ब्रशचे, त्याच्याच बेसिनचे फोटो बरे. स्वतः करायला शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे या. आधी फक्त ब्रश धुऊन जागेवर ठेवणं त्याचं, बाकी तुमचं. ब्रश चावून ठेवणाऱ्यांसाठी दाताच्या तिन्ही बाजू एकदम घासणारा ब्रश मिळतो. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांचा हात लागतोच, ऑटिझम असलेल्या आपल्या मुलांना बऱ्याचदा त्यानंतरही.

बक्षीस म्हणून चॉकलेट नको, आणि रात्रीचं औषधाचं गोड सिरप ब्रशच्या आधी.

नीट घासू देणारं मूल अचानक नकार द्यायला लागलं, एकाच बाजूने चावायला लागलं किंवा गालावर मारून घ्यायला लागलं, तर दात दुखत असेल असं धरून चाला. बऱ्याच मुलांना ते सांगता येत नाही. दवाखान्याची ओळख मात्र दुखणं नसतानाच करून द्या: पहिल्या खेपेला फक्त खुर्चीत बसून परत यायचं. गर्दी नसेल अशी वेळ मागा, दिव्यासाठी गॉगल न्या आणि घरचा ब्रशही सोबत असू द्या. डॉक्टरांनाही दहापर्यंत मोजायला सांगा.