फ्लॅग का पडला? आधी डोकं बघा, मग हात, मग कंबर

अमेरिकन फुटबॉल बघताना सगळ्यांची नजर चेंडूवर असते. टॅकलच्या क्षणी, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, ती टॅकल करणाऱ्यावर न्या. मी ह्यूस्टनला फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आपली मराठी मंडळी मला नेहमी विचारतात, "एवढ्या जोरात आपटला तरी फाऊल नाही, आणि आत्ता साधं ओढलं तर पंधरा यार्ड?" फाऊल झालं की पंच पिवळा रुमाल टाकतो, तो फ्लॅग; मग चेंडू चूक करणाऱ्या संघाच्या विरोधात तेवढे यार्ड सरकवतात. धडकेचा आवाज विसरा. शरीराचा कुठला भाग कुठे लागला, ते बघा.

आधी डोकं. मान खाली घालून हेल्मेटने धडक दिली की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, 2018 पासून 15 यार्डांची पेनल्टी आहे, मग धडक देणारा बचावातला असो की चेंडू घेऊन पळणारा. मान वाकली की तिची नैसर्गिक कमान सरळ होते आणि सगळा जोर थेट मणक्यांवर येतो. यातून माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो, म्हणून या फाऊलवर कोणी "एवढं काय त्यात" म्हटलं की मला राहवत नाही. कॉलेजच्या सामन्यात हेच 'टार्गेटिंग' ठरलं तर खेळाडूला बाहेर काढतात.

मग हात. फेसमास्कला, म्हणजे हेल्मेटच्या पुढच्या जाळीला, नुसता हात लागला तर चालतं; पकडून पिरगळला किंवा खेचला तर 15 यार्ड. मागून कॉलरमध्ये हात घालून खाली खेचणं म्हणजे हॉर्स-कॉलर. डिसेंबर 2004 मध्ये डॅलसच्या रॉय विल्यम्सच्या अशा टॅकलमध्ये टेरेल ओवेन्सचा पाय मोडला, आणि 2005 मध्ये बंदी आली. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या संघाने त्याच्याभोवती केलेल्या संरक्षक कड्यात असेल, तर मात्र हा नियम लागू नाही.

कंबर ओळखणं सगळ्यात कठीण. 2024 मध्ये बंदी आलेल्या हिप-ड्रॉपमध्ये तीन गोष्टी एकत्र लागतात: बचावपटू दोन्ही हातांनी धरतो, अंग वळवून कंबर हवेतून खाली सोडतो, आणि पळणाऱ्याच्या गुडघ्यावर किंवा त्याखाली पडून पाय अडकवतो. पाऊल जमिनीला खिळलेलं आणि वरून माणसाचं वजन, मग घोटा सुटणार कसा? नोव्हेंबर 2023 मध्ये बाल्टिमोरच्या मार्क अँड्र्यूजचा घोटा असाच गेला. नुसतं मागून धरून ओढत नेणं फाऊल नाही. भर वेगात हा फरक पंचांनाही दिसत नाही, म्हणून लीग नंतर व्हिडिओ बघून दंड करते. तुम्हीही रिप्ले येईपर्यंत थांबा आणि कंबर कुठे पडली तेवढंच बघा.

क्वार्टरबॅकचं वेगळं. चेंडू फेकताना तो उघडा असतो, म्हणून डोक्यावर, गुडघ्यावर किंवा त्याखाली मारणं, किंवा सगळं वजन टाकून त्याच्यावर पडणं, हे सगळं फाऊल. 2017 मध्ये अशाच टॅकलमध्ये ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं होतं.

पांढऱ्या टोपीवाल्या रेफरीने हात डोक्याच्या वर नेऊन मनगटावर मनगट मारलं की पर्सनल फाऊल, म्हणजे असं धोकादायक फाऊल. पाठोपाठ फेकल्यासारखा हात फिरवला तर क्वार्टरबॅकवरचं, चेहऱ्यासमोर मूठ ओढली तर फेसमास्क. बचावाकडून असं फाऊल झालं की यार्डांसोबत समोरच्या संघाला फर्स्ट डाऊन, म्हणजे पुढे जायचे चार नवे प्रयत्नही, फुकट मिळतो. स्टेडियम ओरडतं ते त्यासाठी.

तुमचा मुलगा शाळेकडून खेळत असेल तर एकदा सरावाला जाऊन बसा. टॅकल करताना त्याची नजर समोरच्याच्या छातीवर आहे की जमिनीवर, ते बघा. जमिनीवर असेल तर त्याच दिवशी कोचशी बोला.